नेपल्सचा खांदा आणि पुण्याचा वैशाख : एका सुटाचं प्रकरण

रिसेप्शनसाठी शिवायला टाकलेला एक सूट पहिल्याच ट्रायलला फसला. कापड उत्तम होतं. मास्तरांचा हात चाळीस वर्षं कात्रीवर बसलेला होता. ग्राहक दीड वर्ष वाचून, बघून, टिपणं काढून आलेला होता. तरीही कोट अंगावर चढला तेव्हा खोलीतल्या कुणालाच तो नको होता. मी पुरुषांच्या कपड्यांचं कटिंग शिकवते. हे दुकान माझ्या जुन्या ओळखीचं, आणि ट्रायलनंतर मास्तरांनीच मला बोलावून घेतलं. शिवणकामाचे विद्यार्थी, दुकानदार आणि पहिला सूट शिवायला निघालेले तरुण यांच्यासाठी हे सगळं लिहून काढते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

ग्राहक एकतीस वर्षांचा, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. उंची पाच फूट दहा इंच, छाती चाळीस, पोट किंचित पुढे, उजवा खांदा डाव्यापेक्षा जवळजवळ अर्धा इंच उतरता. हा उतार मास्तरांनी माप घेतानाच वहीत टिपून ठेवला होता. रिसेप्शन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, डी. पी. रोडवरच्या एका लॉनवर, उघड्यावर. सूट शिलाईसकट साठ हजारांत बसवायचा होता.

दुकान पेठेतलं, तिसऱ्या पिढीचं. कटिंग मालकांच्या स्वतःच्या हातात, आत तीन कारागीर, आणि हाताची काजं करणारे एक वयस्कर गृहस्थ बाहेरून काम घेतात. या दुकानाचा नेहमीचा कोट ठरलेला आहे : खांद्याला पॅड, छातीला फ्युजिंग (चिकटवून बसवलेला आतला थर), आतून पूर्ण अस्तर, मुंढा (बाही बसवायचं भोक) ऐसपैस. वकील, बँकेतले अधिकारी आणि नवरदेव तो वर्षानुवर्षं समाधानाने वापरत आलेत.

हा ग्राहक मोबाइलमध्ये फोटो आणि कागदावर यादी घेऊन आला. कोट डबल ब्रेस्ट (पुढच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढणारा), सहा बटणांचा, पण इतका आखूड की निम्मी बैठक उघडी राहावी. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटून येणारी पट्टी, साडेचार इंच रुंद. खांद्यात पॅड नको आणि बाही जिथे खांद्याला जोडली जाते तिथे ठळक चुण्या हव्यात. छातीचा खिसा होडीच्या आकाराचा. बाहीवर चार बटणं एकमेकांवर चढलेली, त्यांना खरी काजं, आणि शेवटचं बटण कायम उघडं. डाव्या लॅपलवर रेशमी दोऱ्याने हाती भरलेलं, उठावदार कडेचं मिलानी काज. आतून पूर्ण अस्तर, तेही छापील सॅटिनचं, कारण कोट उघडून फोटो काढायचे होते. पँट गुरखा पद्धतीची, रुंद पट्ट्याला दोन बकलं, मोरी (पायाशी पँटचा घेर) साडेतेरा इंच, लांबी घोट्याच्या वर थांबणारी. कापड सुपर १५०, म्हणजे फार बारीक तंतूची लोकर. मंक बुटाचा, म्हणजे नाडीऐवजी दोन पट्ट्यांनी बंद होणाऱ्या बुटाचा, एक पट्टा सुटा, पायात मोजे नाहीत. शर्टाला बटण-डाउन कॉलर (टोकं बटणांनी शर्टावर अडकवायची), पण बटणं उघडी. टायचं मागचं टोक पुढच्यापेक्षा लांब.

मास्तरांनी यादी वाचली आणि म्हणाले, "करून देऊ." या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

या मागण्या आल्या कुठून

यादीतली एकही गोष्ट मुळात खोटी नाही, म्हणून तिची थोडी हकीकत सांगावी लागते.

१९३२ मध्ये गेन्नारो रुबिनाच्ची यांनी इटलीतल्या नेपल्समध्ये 'लंडन हाउस' नावाचं दुकान उघडलं. तिथले कटर विन्चेन्झो अत्तोलिनी यांनी इंग्रजी पद्धतीच्या कोटातलं पॅड, जाड कॅनव्हास, अस्तर असं एकेक काढत कोट हलका केला. नेपल्सच्या उन्हात लंडनचा भरीव कोट सोसवत नाही, हे कारण उघड होतं. बाहीवरच्या चुण्याही त्याच कामातून आल्या. मुंढा लहान आणि वर उचललेला ठेवायचा, बाही त्याहून मोठी कापायची आणि जादाचं कापड हाताने जिरवत बसवायचं, म्हणजे हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. थोडी चुणी उरते. ती त्या मोकळ्या हाताची खूण आहे.

बटण-डाउन कॉलरचंही तसंच. पोलो खेळताना कॉलर वाऱ्याने फडफडू नये म्हणून इंग्रज खेळाडू ती अडकवून ठेवत. ते पाहून अमेरिकेतल्या ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या दुकानाने १८९६ मध्ये तसे शर्ट विकायला काढले. पुढे फियाट या इटालियन मोटार कंपनीचे प्रमुख जान्नी अन्येल्ली (१९२१–२००३) ती बटणं उघडी सोडू लागले, घड्याळ शर्टाच्या कफावर बांधू लागले, आणि आज त्यांची नक्कल करणारे लोक जगभर आहेत. कॉलर फडफडू नये म्हणून बटण आलं आणि आता ती फडफडावी म्हणून ते उघडं ठेवायचं. गुरखा पँटचा पट्टा तर आपल्याच भागातला : ब्रिटिशांच्या हिंदी लष्करातल्या गोरखा पलटणींच्या आखूड चड्ड्यांचा. तो युरोपला जाऊन, महाग होऊन, फोटोतून परत आला.

ग्राहकाने आणलेले फोटो बहुतांशी इटलीतल्या फ्लॉरेन्सचे. १९७२ पासून तिथे पिट्टी उओमो हे पुरुषांच्या कपड्यांचं व्यापारी प्रदर्शन भरतं, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, आता फोर्तेझ्झा दा बास्सो या जुन्या किल्ल्यात. तिथे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण छायाचित्रकारांच्या नजरेत भरण्यासाठीच सजून येतात, आणि ते व्यापाराच्या दृष्टीने योग्यही आहे, कारण त्यांचा धंदाच तो आहे. आपल्या ग्राहकाने हे कामाचे कपडे रोजच्या सभ्य पोशाखाचा नियम समजून उचलले. सुट्या पट्ट्याबद्दल विचारलं की तो 'स्प्रेझातुरा' म्हणायचा, म्हणजे सहज वाटणारी बेफिकिरी. इटालियन लेखक काश्तील्योने यांनी १५२८ साली ही कल्पना मांडली ती दरबारी माणसाने आपले कष्ट झाकावेत म्हणून. इथे बेफिकिरीची सहा कलमं कागदावर लिहून टेलरकडे दिलेली होती. मला या चालीचा राग येतो तो इथे. बेफिकीर दिसण्यासाठी एक माणूस दीड वर्ष काळजीत घालवतो आणि त्याचा भार शेवटी कारागिराच्या डोळ्यांवर पडतो.

अडचण

एप्रिलच्या शेवटी कच्ची ट्रायल झाली. ग्राहकासोबत त्याची आई आणि आजी आल्या होत्या. कोट चढवल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला, "अरे, हा मुंजीतला का?"

आजींनी नेमकं दुखणं ओळखलं होतं, पण ते एकटं नव्हतं. मास्तरांनी पॅड काढलं होतं, मुंढा मात्र नेहमीच्या मापाचा, खोल ठेवला होता. त्या खोल मुंढ्यात चुण्या घातल्यामुळे बाही वर फुगली आणि हात उचलताच अख्खा कोट सोबत वर गेला. पॅड नसल्याने उजव्या खांद्याचा उतार उघडा पडला आणि त्या बाजूने बटणापर्यंत तिरकी घडी पडली. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरपासून बोटभर सुटली. साडेचार इंची लॅपलने छातीचा बराचसा भाग झाकला आणि आखूड लांबीमुळे पोट होतं त्याहून मोठं दिसू लागलं.

ग्राहकाने फोटो पुढे धरला. "मास्तर, यात चुण्या आहेत, पण अशा नाहीत."

मास्तर म्हणाले, "साहेब, चुणी म्हणजे चूक. माझ्याकडे नवीन पोरगा बाहीला चुणी पाडतो तेव्हा मी त्याला ती उसवायला लावतो. तुम्ही मागितली म्हणून पाडली."

मला फोन आला तो त्याच संध्याकाळी. रिसेप्शनला तीन आठवडे होते.

तपासणी

दुसऱ्या दिवशी मी ग्राहकाला यादीबद्दल काहीच विचारलं नाही. त्या संध्याकाळी तू काय काय करणार आहेस, तेवढं सांग, म्हणाले. स्टेजवर दोन-अडीच तास उभं राहायचं, शेकडो लोकांशी हात मिळवायचा, मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा, मग जेवायला बसायचं. नंतर घरी वधूचा गृहप्रवेश, म्हणजे दारात बूट काढायचे.

मग त्याला कच्चा कोट घालूनच आजींना नमस्कार करायला लावला. कोट पाठीवर सरकला, मागून शर्ट बाहेर आला. साडेतेरा इंची मोरीचं मांजरपाटाचं पँट-कटिंग मी सोबत नेलं होतं. ते घालून तो खुर्चीवर बसला तर मोरी पोटरीवर अडकली आणि उभा राहिल्यावर खाली आली नाही, हाताने ओढावी लागली. बुटांचं सांगायला नकोच : मे महिन्यात मोज्याशिवाय पाच तास चामड्यात बंद राहिलेले पाय गृहप्रवेशाच्या वेळी उघडे करायचे. हे ऐकून त्याच्या आईने तिथल्या तिथे निकाल दिला.

डबल ब्रेस्टची गोष्ट वेगळी आहे आणि ती त्याला कुणीच सांगितली नव्हती. हा कोट बंद ठेवूनच घालायचा असतो. उघडला की पुढची रुंद पाखं लोंबतात. म्हणजे छातीवर कापडाचे दोन थर, त्याखाली सॅटिनचं अस्तर, आणि बाहेर वैशाख. छापील अस्तर दाखवण्यासाठी कोट उघडावा लागणार, आणि कोटाची जात तो उघडू देणार नाही. नेपल्सच्या कोटातून घेण्यासारखी एकच मोठी गोष्ट होती, हलकेपणा. यादीने नेमकी तीच वगळली होती.

कापडाबद्दलही गैरसमज होता. सुपरपुढचा आकडा धाग्यातल्या तंतूची जाडी सांगतो. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेच्या नियमांनुसार सुपर १०० म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १५० म्हणजे १६.२५ मायक्रॉनपर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ आणि महाग होतं, पण चुरगळतं लवकर आणि झिजतंही लवकर. विण किती घट्ट, पीळ किती, वारा किती खेळेल, यातलं काहीच हा आकडा सांगत नाही. उघड्या लॉनवर पाच तास काढणाऱ्या माणसाला या बाकीच्याच गोष्टी लागतात.

तोललेले पर्याय

मास्तरांचा पहिला कल यादीप्रमाणे काम पुरं करून मोकळं होण्याकडे होता. ग्राहकाने लिहून दिलं होतं, दुकानावर दोष येत नव्हता. मी याला ठाम विरोध केला. दुकानाचं नाव कोटाच्या आत शिवलेलं असतं आणि यादी ग्राहकाच्या खिशात राहते. लॉनवर जमलेल्या माणसांना कोटच दिसणार.

दुसरा मार्ग होता तोच कोट दुरुस्त करण्याचा. पोरांना शिकवताना मी हा भाग फळ्यावर काढून दाखवते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. शिवणीत माया (आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) असेल तर कोट कमरेत, पाठीत, बाहीत सोडता येतो. डबल ब्रेस्टच्या पुढच्या कडा सरळ असतात, त्यामुळे खालच्या दुमडीतून आणि जोडपट्टी लावून इंचभर लांबीही मिळाली असती. पण एकदा खोल कापलेल्या मुंढ्यात कापड परत भरता येत नाही. तो वर घ्यायचा तर खांद्याची शिवण उचलावी लागते, आणि ती उचलली की आधीच आखूड असलेला कोट आणखी आखूड होतो. एक दोष काढायला दुसरा वाढवावा लागत होता. पॅड परत घालून, चुण्या काढून, लांबी इंचभर वाढवून एक बरा कोट मिळाला असता. उकाडा मात्र तसाच राहिला असता.

तिसरा पर्याय आईंनी सुचवला : बंद गळ्याचा जोधपुरी कोट. नवरदेवाला शोभतो, टायची कटकट नाही. पण गळ्यापर्यंत बंद कोट उन्हाळ्यात सुटापेक्षाही त्रासाचा, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाला सूट हवा होता. त्याची हौस खरी होती. ती मोडून त्याला शहाणं करणं हे आमचं काम नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

चौथा पर्याय खर्चाचा : हा कोट बाजूला ठेवायचा आणि नव्या कापडाचा नवा सूट कापायचा. तीन आठवडे पुरेसे होते, पण जेमतेम.

चुण्यांवरून मास्तरांचं आणि माझं वाजलं, तेही इथे नोंदवते. चुणी म्हणजे चूक, हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. लहान मुंढ्यात, हाताने, जाणून जिरवलेली चुणी हे फार अवघड काम आहे आणि आपल्याकडच्या कारागिरांनी ते शिकायला हवं. पण कारण नसलेली चुणी ही चूकच. आपल्या धंद्यात दोषाला गुण म्हणून विकण्याची परंपराही जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासचं चौकड्याचं हातमाग कापड अमेरिकेत गेलं, तिथे धुतल्यावर रंग जाऊ लागला, तक्रारी आल्या, आणि मग 'रंग जाणारच, ही हमी' अशी जाहिरात करून तेच कापड हौसेने विकलं गेलं. त्या कापडाचे निर्यातदार होते पुढे लीला हॉटेलं काढणारे सी. पी. कृष्णन नायर. ही हकीकत मी मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, "ताई, त्यांनी कापड विकलं. मला माझ्या खांद्याखाली सही करायची आहे."

त्यांचा तो मुद्दा मी मान्य केला.

काय केलं

चौथा पर्याय निवडला. लक्ष्मी रोडवरून जास्त पिळाच्या धाग्याची, साध्या विणीची गडद निळी लोकर आणली. मुठीत चुरगाळून सोडली तर पुन्हा सरळ होते आणि उजेडासमोर धरली तर जाळी दिसते. सुपर १५० पेक्षा मीटरमागे बरीच स्वस्त पडली.

कोट सिंगल ब्रेस्ट, दोन बटणांचा, बैठक पूर्ण झाकणारा. लॅपल साडेतीन इंच. डाव्या खांद्याला पॅड नाही, उजव्याला कापसाचा पातळ थर, इतका की दोन्ही खांदे एका पातळीत दिसावेत. मुंढा नेहमीपेक्षा पाऊण इंच वर. मास्तरांनी हा मुंढा आधी मांजरपाटात कापला, ग्राहकाला चढवला, हात वर करायला लावला, वाकायला लावलं, आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावली. नव्या मुंढ्यात बाही बसवायला सगळ्यात तरुण कारागिराला बसवलं, कारण जुन्या दोघांचे हात सवयीने बाही सपाट करत होते. खांद्यावर चुणी उरली नाही, पण बाही पूर्वीपेक्षा मोकळी बसली.

अस्तर फक्त खांद्यांवर आणि बाह्यांत. पाठ उघडी. लोकांना वाटतं अस्तर कमी म्हणजे काम कमी. उलट आहे. अस्तर नसलं की आतली प्रत्येक शिवण दिसते, प्रत्येक कड पट्टीने बांधावी लागते, आणि कारागिराचे दोन दिवस वाढतात. हे ग्राहकाला दाखवलं तेव्हा त्याने छापील सॅटिनचा हट्ट आपणहून सोडला. उघडून दाखवायचं तर त्या बांधलेल्या शिवणी दाखवीन, म्हणाला. मला हा त्या तीन आठवड्यांतला सगळ्यात चांगला क्षण वाटला.

यादीतल्या तीन गोष्टी ठेवल्या. मिलानी काज ठेवलं, कारण रिसेप्शनला तिथे गुलाब लावायचा होता, म्हणजे काजाला काम होतं. काजं करणाऱ्या काकांनी ते करायला एक पूर्ण सकाळ घेतली. बाहीची खरी काजं ठेवली, पण ती शेवटच्या ट्रायलनंतर कापली, कारण एकदा काज कापलं की बाही खालून आखूड करता येत नाही. बटणं मात्र चारही बंद ठेवली. पँटचा उंच कंबरपट्टा ठेवला, पण दोन बकलांऐवजी बाजूला आवळायच्या पट्ट्या दिल्या. लग्नाआधीच्या केळवणांनी आणि नंतरच्या मेजवान्यांनी कंबर बदलते हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. मोरी सोळा इंच, लांबी बुटाला टेकेल इतकी. मोजे पातळ, गडद निळे, पोटरीपर्यंत.

पैशांवरून बोलणं ताणलं गेलं. नव्या कापडाचे पैसे ग्राहकाने द्यायचे आणि दुसऱ्या कोटाची शिलाई दुकानाने सोडायची, इथवर लवकर आलो. अडलं ते कारागिरांच्या मजुरीवर. आपल्याकडे कारागिराला नगावर पैसे मिळतात. पहिला कोट रद्द झाला म्हणजे तो नग झालाच नाही, असा हिशेब बहुतेक दुकानांत चालतो. ज्याने मागितलं तसं शिवलं, ज्याने सांगितलं तसं उसवलं, त्याचे चार दिवस हवेत. मी सांगितलं की हे मिटल्याशिवाय मी पुढे येणार नाही. शेवटी पहिल्या कोटाची मजुरी ग्राहक आणि दुकान यांनी अर्धी अर्धी दिली.

परिणाम

सूट रिसेप्शनच्या दोन दिवस आधी तयार झाला. मी त्या दिवशी लॉनवर होते. घाम त्याला आलाच. मे महिन्यात पुण्यात कोट घालून कोणीही कोरडं राहत नाही. पण स्टेजवर तो मोकळा उभा होता, नमस्काराला वाकताना एकदाही मागे हात गेला नाही, आणि जेवायला बसताना त्याने बटण उघडलं तरी कोट नीट पडला. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "आता तोंडाकडे लक्ष जातं."

त्याच्या मित्रांना सूट साधा वाटला. एकाने तोंडावर सांगितलं की हा तर बँक मॅनेजरचा कोट. ग्राहकाला ते लागलं, आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही. डबल ब्रेस्टची हळहळ त्याला अजून आहे. हिवाळ्यात, योग्य लांबीचा, जरूर शिवावा असं मी त्याला सांगितलं आहे, कारण त्याच्या छातीला तो शोभेल.

पहिला कोट उसवला. डबल ब्रेस्टची पुढची पाखं रुंद असतात, त्यातून एक वेस्टकोट निघाला. पँटचं कापड अजून कापलेलं नव्हतं, ते नशीब. डिसेंबरमध्ये चुलतभावाच्या लग्नात त्याने तो वेस्टकोट आणि त्याच कापडाची पँट घातली. बाह्यांचं आणि पाठीचं कापड वाया गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाचा क्षण पहिल्या दिवशीच होऊन गेला होता. "करून देऊ" म्हणण्याआधी मास्तरांना तीन गोष्टी ठाऊक होत्या : मे महिना, उघडं लॉन, उतरता खांदा. तिन्ही त्यांच्या वहीत होत्या. ग्राहक जास्त वाचलेला आहे, इंग्रजी आणि इटालियन नावं घेतो, म्हणून त्यांनी स्वतःचं ज्ञान गिळलं. हे मी अनेक जुन्या मास्तरांत पाहते आणि मला त्याचं वाईट वाटतं. ज्याने हजारो खांदे हाताखालून घातले त्याने फोटोपुढे गप्प बसू नये. त्याच वेळी, मास्तरांनी नेपल्सचा खांदा खरा कसा बसतो हे समजून न घेता त्याची फक्त चुणी केली, हेही तितकंच खरं. नवी पद्धत येत नसेल तर येत नाही म्हणावं, किंवा शिकायला वेळ मागावा.

ग्राहकाने फोटोऐवजी असा एखादा कोट आणायला हवा होता जो त्याने स्वतः अंगावर घालून पाहिला आहे. फोटोतला माणूस हलत नाही, बसत नाही, वाकत नाही, आणि त्याचा उजवा खांदा कसा आहे ते कळत नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे 'कशासाठी' असा एक रकाना काढला असता, तर निम्म्या ओळी त्याने स्वतःच खोडल्या असत्या.

माझ्या वर्गात मी आता या प्रकरणातला मुंढा शिकवते, दोन्ही पद्धतींनी, आणि पोरांना तो स्वतः घालून नमस्कार करायला लावते.

दुकानानेही दोन बदल केले. ऑर्डरच्या कागदावर आता मापांच्या आधी प्रसंग, महिना आणि जागा लिहिली जाते. आणि दुकानाच्या नेहमीच्या कटपेक्षा वेगळं काही हवं असेल तर आधी मांजरपाटाची ट्रायल, तिचे पंधराशे रुपये वेगळे, त्यातले हजार थेट कारागिराला. यावरून काही ग्राहक उठून जातात. मास्तरांच्या मुलाला हे पैसे बिलात मिसळून टाकावेत असं वाटतं, मास्तरांना ते वेगळेच दिसायला हवेत. त्यांच्यात अजून ठरलेलं नाही.